बर्थडच्या खिंडीचं देणं

स्कीइंग हा पैसेवाल्यांचा खेळ, हे अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं. साल १९९८. डेन्व्हरमध्ये शिकत होतो आणि महिनाअखेर कशीबशी गाठत होतो. व्हेलसारख्या नामांकित ठिकाणी एक दिवस घालवायचा, तर तिकिटातच आठवड्याचा किराणा गेला असता. तरी मी बर्फावर उभं राहायला शिकलो. ते घडलं माझ्या घरमालकांमुळे आणि बर्थड खिंडीमुळे. खिंडीतलं स्की केंद्र २००१ साली बंद पडलं, पुढे घरमालकही गेले. आता देणं चुकवायला समोर कोणी नाही, म्हणून निदान लिहून ठेवतो.

ही खिंड डेन्व्हरच्या पश्चिमेला, गाडीने दीडेक तासावर, सुमारे ११,३०० फुटांवर आहे. एका अंगाला वितळलेला बर्फ फ्रेझर नदीतून कोलोरॅडो नदीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा क्लिअर क्रीकमार्गे मेक्सिकोच्या आखाताच्या वाटेला लागतो. १८६१ साली एडवर्ड बर्थड आणि वाटाड्या जिम ब्रिजर मार्गाच्या शोधात इथे पोचले. रेल्वे या खिंडीतून कधी गेलीच नाही. ती १९२८ साली उत्तरेकडच्या मोफट बोगद्यातून गेली. खिंडीच्या वाट्याला आला रस्ता, यूएस ४०. त्या रस्त्यामुळेच १९३७ साली शहरातली मंडळी स्कीज घेऊन इथे येऊ लागली आणि मोटारीच्या इंजिनावर फिरणारा एक दोर बसवला गेला. दोर घट्ट धरायचा, तो वर ओढून नेतो. घरमालक लहानपणी या दोराला लोंबकळलेले. हातमोज्यांचे तळवे हिवाळाभर टिकत नसत आणि आई ओरडत असे, हे ते दर वेळी नव्याने सांगत. चाळिशीच्या दशकातच दोराच्या जागी दोघांनी बसायची खुर्ची आली. तरुणपणी काही हिवाळे ते तिच्यावर लोकांना बसवायचं काम करत होते.

मला त्यांनी आपल्या मुलाच्या जुन्या स्कीज दिल्या. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. मी पोहे करून नेत असे, ते खात. फक्त कढीपत्त्याचं एकेक पान वेचून ताटलीच्या कडेला लावून ठेवत. बर्थडचे उतार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. झाडांतून घसरत खाली आलं की थेट हमरस्ता लागे. तिथून केंद्राची बस माणसांना परत वर नेई. बसमध्ये सुतार, नर्सा, माझ्यासारखे विद्यार्थी, तुटक्या बुटांना चिकटपट्टी लावलेली पोरं. ऐट कुणाचीच नाही.

पण पहिल्या दिवशी घरमालकांनी मला घसरू दिलंच नाही. हाती फावडं दिलं आणि बर्फात खड्डा खणायला लावला. वरचे थर घट्ट, तळाचा मात्र रव्यासारखा मोकळा, मूठच वळेना. कोरड्या थंडीत जमिनीलगत बर्फाचे असे सुटे कण तयार होतात, वरचं ओझं त्यांना पेलत नाही आणि अख्खा उतार सुटतो. अमेरिकेच्या वनखात्याने पन्नाशीच्या दशकात हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी जी मोजकी केंद्रं चालवली, त्यांत युटातलं अल्टा आणि वॉशिंग्टनमधलं स्टीव्हन्स पास यांच्या जोडीला बर्थड होतं. तिथल्या माणसांकडून घरमालक हे शिकले होते. माझं सगळं पुस्तकी भौतिकशास्त्र त्या खड्ड्याशेजारी फिकं पडलं.

केंद्र बर्फाअभावी बंद पडलं, असं पुष्कळांना वाटतं. बर्फ तिथे आजही मुबलक पडतो. १९७३ साली आयझेनहॉवर बोगदा सुरू झाला आणि गर्दी आय-७० वरून पलीकडच्या मोठ्या केंद्रांकडे वळली. खिंड उतरताच विंटर पार्क होतंच. शिवाय मोठी केंद्रं पायथ्याची घरं आणि हॉटेलं यांच्यावर पैसा मिळवतात. खिंडीत वनखात्याची जमीन, घरं बांधणार कुठे? मालक बदलले, केंद्र बंद झालं, पुन्हा उघडलं, शेवटी खुर्च्या थांबल्या. २००५ साली जुनी इमारतही पाडली. मला याची चीड अजून आहे. नवख्याला, गरिबाला या खेळात शिरायला असलेलं दार हिशेबात न बसल्यामुळे बंद झालं.

जमीन मात्र सार्वजनिक आहे. तिथे तिकीट नाही, पहारेकरीही नाही. डेन्व्हरची आपली मंडळी हल्ली मुलांना घेऊन फोटोसाठी खिंडीत थांबतात आणि पोरं सरळ उतारावर धावतात. जरूर जा, पण आधी कोलोरॅडोच्या हिमस्खलन माहिती केंद्राचा त्या दिवसाचा अंदाज वाचा, आणि रस्ता सोडून उतारावर जायचं असेल तर आधी रीतसर प्रशिक्षण घ्या.