कपॅसिटरची ऑर्डर थांबव

चि. मृण्मयी,


टेक्ट्रॉनिक्स ४६५ ऑसिलोस्कोप घेतलास हे वाचून तुझ्याहून मलाच जास्त आनंद झाला. ताई ओरडली असेल, ओरडू दे. ‘हे धूड ठेवणार कुठे?’ या प्रश्नाला आमच्या घरातही अजून उत्तर सापडलेलं नाही. पण ‘आधी सगळे कपॅसिटर बदलते, मग चालू करून बघते’ हे तुझं वाक्य मला मुळीच पटलं नाही. हल्ली जुनं यंत्र हाती आलं की पिशवीभर कपॅसिटर मागवायची पद्धतच पडली आहे. नाडी न बघता काढा पाजण्यातला हा प्रकार.

१९७२ साली आलेलं हे मॉडेल. एवढ्या जुन्या बोर्डावर सोल्डर काढताना तांब्याची पट्टी उचकटायची भीती असतेच. त्यात एखादा टँटलम कपॅसिटर उलटा बसला, तर मूळ बिघाडाच्या जोडीला तुझा स्वतःचा एक. मग कोणता कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आधी स्कोपच्या पाठीकडे बघ. अमेरिकेतून आला असेल तर व्होल्टेज सिलेक्टर ११५ वर असू शकतो; २३० वर आहे याची खात्री करूनच प्लग लाव. मेनला जोडलेली सर्किटं तपासता यावीत म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकणारे महाभाग कमी नाहीत. तसं दिसलं, तर कॉर्डच बदल.

आता सप्लाय. ट्रेस दिसला नाही, तरी लगेच पिक्चर ट्यूबवर संशय घेऊ नकोस. कमी व्होल्टेजचे सप्लाय पाच: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८. त्यातला ५५चा सगळ्यात आधी मोज, कारण बाकीच्यांना संदर्भ तोच पुरवतो. तो ढळला की सगळे ढळले. समजा ५५ ठीक आहे आणि १५चा जवळपास शून्य दाखवतोय, तरी रेग्युलेटरला दोष देऊ नकोस. पुढे कुठे टँटलम शॉर्ट झाला की रेग्युलेटर स्वतःला वाचवायला करंट आवरता घेतो आणि व्होल्टेज बसतं. या स्कोपचा हा नेहमीचाच आजार. स्कोप बंद कर, चार्ज उतरू दे आणि त्या लाइनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स बघ. एखाद-दुसरा ओहम आला, तर लाइनवरच्या टँटलमचा एकेक पाय सोडवत जा. कुठल्या तरी एकापाशी आकडा एकदम वर जाईल. बदलायचा तो तेवढाच.

मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेत का, हे सप्लायच्या डीसीवर उरलेली लहर, म्हणजे रिपल, सांगेल. मॅन्युअल अमेरिकेतलं, त्यामुळे तिथे १२० हर्ट्झचा उल्लेख दिसेल, आपल्याकडे १००. रिपल मर्यादेत असेल तर त्या डब्यांना हात लावायचं कारण नाही. ट्यूबच्या बाजूला मात्र साधा मल्टिमीटर अजिबात नेऊ नकोस. तिथे एकूण १८ हजार व्होल्टचा कारभार आहे, आणि स्विच बंद केल्यावरही चार्ज रेंगाळतो.

नॉब फिरवताना ट्रेस उड्या मारू लागला, तर तो बहुधा मळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून अलगद ओढ.

राहिला तुझा खरा प्रश्न: मोजणाऱ्या यंत्राला मोजायचं कशाने? त्यासाठी प्रयोगशाळा गाठायला नको. ४६५ स्वतःच दोन-तीन टक्क्यांपलीकडे अचूकतेचा दावा करत नाही. त्याला तपासणारं साधन त्याहून बरं असलं की झालं. आपल्या वीज ग्रीडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असते, म्हणजे त्या पट्ट्यात असेपर्यंत फरक ०.२ टक्क्यांच्या आत. दारावरच्या बेलचा ट्रान्सफॉर्मर घे, त्याच्या सेकंडरीला प्रोब लाव आणि स्वीप २ मिलिसेकंदावर ठेव. एका लाटेने आडवे दहा चौकोन भरायला हवेत. ज्या महावितरणच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याचीच वीज इथे प्रमाण! वेगवान स्वीपसाठी १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर पुरे. एक लाट १०० नॅनोसेकंदांची. व्होल्टचं काम तुझा नवा मल्टिमीटर करेल.

१०० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे राइझ टाइम साधारण ३.५ नॅनोसेकंद. तो तपासायला त्याहून पुष्कळ चपळ पल्स लागतो. लिनियर टेक्नॉलॉजीच्या जिम विल्यम्स यांनी १९९१च्या एका अॅप्लिकेशन नोटमध्ये तसं सर्किट दिलं आहे: २एन२३६९ ट्रान्झिस्टर, सुमारे ९० व्होल्ट आणि ३५० पिकोसेकंदांची चढण. जुने स्कोप दुरुस्त करण्याचा या गृहस्थांना भारी नाद. २०११ मध्ये ते गेले. ती नोट वाचच. सर्किटइतकीच लिहिण्याची ढबही मजेदार आहे.

ट्रिमरची पाळी सगळ्यात शेवटी. ५५चा ट्रिमर हलवलास की व्हर्टिकल गेनपासून स्वीपपर्यंत सगळं हलणार. आकडा मर्यादेत असेल तर स्क्रू ड्रायव्हर लांबच ठेव. आणि १५५ने सुरू होणाऱ्या नंबरच्या आयसी जपून हाताळ. त्या टेक्ट्रॉनिक्सने फक्त स्वतःसाठी बनवलेल्या. एक गेली तर दुसरा मेलेला ४६५ शोधत फिरावं लागेल, आणि मग ताईला दोन धुडं.

पाचही सप्लायचे आकडे आणि रिपल मोजून कळव. पुढचं त्यावरून ठरवू.

तुझा,
मामा