लेंडीतले बी

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० संशोधनपत्रिका आणि केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा पसारा आहे. बातमी आनंदाची आहे. एकेका शोधनिबंधासाठी परदेशातील मित्रांची आर्जवे केलेल्या माझ्या पिढीला तर ती फारच मोलाची वाटते. मात्र पहिल्या टप्प्यात शासनाने चालवलेल्या संस्था आहेत, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील बरीच महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत, हेही लक्षात असू द्यावे. शिवाय दार उघडले तरी, आत आपलेही काही काम असू शकते हे विद्यार्थ्याला कोण सांगणार?

मी पदार्थविज्ञानाची. दिल्लीत माती आणि झाडे यांच्यामधील पाण्याची व उष्णतेची देवाणघेवाण मोजते. गेली काही वर्षे उन्हाळ्यात बी.एस्सी.चे दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे येतात. बहुतेक आपापल्या घरातले पहिले पदवीधर होऊ घातलेले. मागच्या मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातून, सातपुड्याच्या एका पाड्यावरून, वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी आली. पहिला आठवडा ती जवळजवळ बोललीच नाही.

आमचे काम फरीदाबादच्या बाजूला, अरवलीच्या उतारांवर होते. तेथून जवळच मांगर बनी आहे: गावाने श्रद्धेने राखलेले, धौ वृक्षांचे जुने वन. आपल्याकडची देवराईच म्हणा ना. धौ हा आपल्या धावड्याचा भाऊबंद, हे तिने साल पाहूनच ओळखले. बनीच्या बाहेर मात्र विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजली आहे. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती इंग्रजांच्या काळात दिल्लीत लावली गेली, आणि आता स्थानिक झाडांना वर येऊ देत नाही. ती इतकी पसरते कशी, याची चर्चा चालली असता ही मुलगी खाली वाकली, वाळलेल्या बकरीच्या लेंड्या उचलल्या आणि एक फोडून दाखवली. आत बी होते. ‘शेंगा गोड असतात, मॅडम. आमच्याही बकऱ्या खातात,’ एवढेच म्हणाली.

जनावरांच्या पोटातून हे बी पसरते, हे पुस्तकात लिहिलेले आहे. तिने ते वाचलेले नव्हते, पाहिलेले होते. पाहिलेल्याचे विज्ञान करायचे तर मोजावे लागते. आम्ही एक मीटर बाजूच्या चौकटी आखल्या: काही बकऱ्यांच्या वाटेवर, काही वाटेपासून दूर, जागा सोडतीने ठरवलेल्या. प्रत्येक चौकटीतली रोपे मोजायची. ज्या चौकटीत एकही रोप नाही, तिथे वहीत शून्य लिहायचे. हे शून्य लिहायला नवा विद्यार्थी नेहमी कुरकुरतो. काही सापडलेच नाही तर लिहायचे काय, असे त्याला वाटते. मग मी माझ्या घरचे उदाहरण काढले. किरणोत्सर्गाची मोजणी करताना घटना परस्परांशी संबंध न ठेवता घडत असतील, तर मोजणीची सरासरी आणि तिचे विचरण जवळपास सारखेच येते. रोपांच्या बाबतीत विचरण सरासरीहून पुष्कळ मोठे निघाले, तर रोपे पुंजक्यांनी उगवत आहेत, त्यांना कोणीतरी एका जागी आणून टाकत आहे, असा संशय घ्यायला जागा होते. तिने कागदावर आकडेमोड केली, आणि मग दुपारभर बोलतच राहिली.

मेघनाद साहा यांची आठवण अशा वेळी होते. गरीब दुकानदाराच्या घरातला हा मुलगा कोलकात्याच्या वसतिगृहात जातीमुळे इतरांच्या पंगतीत बसू शकत नव्हता. ताऱ्यांच्या वर्णपटाचे गणित त्याने मांडले. पुढे दामोदर नदीच्या १९४३ च्या पुरानंतर नदीनियोजनातही तो पडला. पूरप्रदेशात वाढलेल्या माणसाला नदी हा विषय परका नव्हता.

आपल्या योजना मात्र अशा माणसाला वेगळ्या चाळणीतून पाहतात. ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची, आणि त्यात उन्हाळी संशोधनाचा वाटाही आहे. योजना उत्तमच. पण तिची मुख्य वाट बारावीला आपल्या मंडळातील वरच्या एक टक्क्यात येण्याची आहे. प्रयोगशाळा कुलूपबंद असलेल्या आश्रमशाळेतून त्या टक्क्यात किती जण पोहोचतील? दुसरी अडचण वरवर क्षुल्लक: प्रवासखर्च आधी स्वतः करा, पावत्या द्या, मग परतफेड. ज्याच्या खिशात तिकिटाचेच पैसे नाहीत त्याची निवड होऊनही तो येत नाही, आणि कागदोपत्री ‘विद्यार्थ्याने संधी नाकारली’ अशी नोंद होते. मी आता तिकीट स्वतः काढून पाठवते. मार्गदर्शन म्हणून मी जे काही करते त्यातला अर्धा भाग असला किरकोळ हिशेबाचाच असतो.

परत जाण्यापूर्वी तिच्या वडिलांनी फोनवर थेट विचारले: एम.एस्सी.नंतर नोकरी कोणती? गोलमाल उत्तर देणे शक्य नव्हते. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, पण स्पर्धा तीव्र. प्रदूषण नियंत्रण मंडळे आहेत, पण भरती अनियमित. भारतीय वनसेवेची परीक्षा आहे, आणि तिच्या पात्रतेच्या यादीत वनस्पतिशास्त्र आहे, म्हणून पदवीचा विषय बदलू नये, असे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्यांच्या बाजूचा हिशेब मांडला. दसऱ्याच्या सुमारास मुकादम ऊसतोडीची उचल वाटतो. मुलगी घरी असेल तर या वर्षी दीड कोयता लिहायचा, नसेल तर एकच. आणि अर्ध्या कोयत्याची उचल धाकट्याच्या फीसाठी धरलेली आहे. प्रवेशाचे तोवर कळेल का?

सीयूईटी-पीजी मार्चमध्ये होते, प्रवेश पावसाळ्यात. दसऱ्याच्या आधी कळेल, असे मी त्यांना सांगितले आहे. तिने अर्ज भरला आहे.