ठोक्यांचा हिशेब

आमच्या आत्याचं ठाम मत होतं, की जन्माला येतानाच माणसाला हृदयाचे ठोके मोजून मिळतात. ते संपले की खेळ खलास. त्यामुळे चाळिशीनंतर मी यवतेश्वरचा घाट पळत चढायला लागलो, तेव्हा तिला ती शुद्ध उधळपट्टी वाटली. "अरे, पुरवून पुरवून वापरायचे सोडून रोज पहाटे उडवत काय सुटलायस?"

नाडी मोजायची खोड मला शाळेत लागली होती. पीटीचे सर मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि शिट्टी झाली की मनगट धरायला सांगायचे. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. गुणाकारात कच्ची असलेली पोरं नाडीतही नापास व्हायची. माझी बसल्या जागी ऐंशीच्या आसपास असे. पुढे नोकरीत टेबलाला पोट टेकलं, तरी ती तिथेच राहिली. पळणं सुरू झाल्यावर मात्र ती उतरू लागली. आधी साठ, मग काही वर्षांनी पहाटे अंथरुणात मोजली तर पन्नास.

मग एकदा मी आत्याचाच हिशेब मांडला. मिनिटाला 72 ठोके धरले, तर दिवसाचे 1,03,680. तासभर घाटात 150 च्या गतीने आणि उरलेले तेवीस तास पन्नासने, तर 78,000. म्हणजे पळणारा दिवसाला पंचवीस हजारांवर ठोके शिल्लक टाकतो. गणित ढोबळ आहे, दिवसभर कोणी अंथरुणात नसतं. पण आत्याने कागद नीट पाहिला, म्हणाली, "मग पळ," आणि पोळ्या लाटायला गेली.

तेवढ्याच रक्ताचं काम कमी ठोक्यांत भागतं, कारण प्रत्येक ठोका मोठा होतो. सराव नसलेल्या माणसाचं हृदय विश्रांतीत एका आकुंचनात साधारण 70 मिलिलिटर रक्त ढकलतं, मुरलेल्या धावपटूचं शंभराच्या घरात. मिनिटाला लागणारं पाच लिटर रक्त दोघांनाही मिळतं. सराव सुरू झाला की आधी रक्ताचं प्रमाण वाढतं. मग महिनोन्महिने जास्त रक्त सामावून घेता घेता डावा खालचा कप्पा ऐसपैस होतो आणि त्याची भिंतही थोडी जाड होते. गंमत म्हणजे ठोक्यांची कमाल मर्यादा सरावाने वाढत नाही. वयाबरोबर ती खालीच येते. वाढतो तो प्रत्येक ठोक्याचा घास. अव्वल धावपटूंचं हृदय पूर्ण जोरात मिनिटाला 35 लिटरच्या वर रक्त फेकतं, तुमचंआमचं वीसेक.

सरावाने हृदय मोठं होतं हे पहिल्यांदा टिपलं ते स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी, 1899 मध्ये. बर्फावर लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून, नुसत्या आवाजावरून त्यांनी हृदयाचा आकार ताडला. मला या माणसाच्या बोटांचा फार हेवा वाटतो.

सव्वाशे वर्षं झाली तरी हे सगळीकडे पोचलेलं नाही. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालो तेव्हा माझ्या उशाशी मॉनिटर रात्रभर ओरडत होता. नर्सबाई दर वेळी धावत येत, मला हलवून जागं करत आणि जिवंत आहे याची खात्री करून घेत. सकाळी तरुण डॉक्टर ईसीजीचा कागद उलटसुलट बघून पेसमेकरविषयी बोलू लागले. शेवटी मोठे डॉक्टर आले, माझे पाय बघितले आणि म्हणाले, "पळता का हो?"

क्लॅरेन्स डीमारच्या नशिबी असा डॉक्टर नव्हता. बॉस्टनच्या या छापखाना कामगाराला हृदयात 'आवाज' आहे म्हणून पळणं सोडायचा सल्ला मिळाला होता. त्याने बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकली, शेवटची 1930 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी. 1958 मध्ये तो कॅन्सरने गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रोहिण्या नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या.

ऑपरेशननंतर सक्तीची विश्रांती झाली आणि नाडी भराभर साठीच्या वर चढली. वर्षांनी कमावलेलं आठवड्यांत जातं. अमेरिकेत डॅलसला 1966 मध्ये विशीतल्या पाच निरोगी मुलांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं.

इतकं सगळं सांगून मी पळण्याची जाहिरात करतोय असं वाटेल. तसं नाही. माझ्याबरोबर घाट चढणारा, माझ्याहून कितीतरी जोरकस असा एक मित्र पन्नाशीत एकाएकी धापा टाकू लागला. त्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडला होता. वर्षानुवर्षं ताणले गेले की हे कप्पेही मोठे होतात आणि कधीकधी त्यांचं वळण सुटतं. स्वीडनमधल्या नव्वद किलोमीटरच्या वासालोपेट शर्यतीतल्या बावन्न हजार स्पर्धकांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ती जास्त वेळा आणि जास्त वेगात पुरी केली, त्यांच्यात असे बिघाड जास्त आढळले. शिवाय संथ नाडी म्हणजे रोहिण्या साफ असल्याचा दाखला नव्हे. आमच्या ग्रुपमध्ये मात्र घड्याळावर 48 दिसलं की लोक पेढे वाटायचे बाकी ठेवतात.

मित्र आता औषधं घेतो आणि डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेगाने पळतो. मीही सावकाश चढतो. तुम्ही पळत असाल, तर दोन गोष्टी करा. ईसीजी काढायला गेलात की विचारायची वाट न बघता 'मी पळतो' हे आधी सांगा. आणि पळताना छातीत फडफडलं, चक्कर आली किंवा नेहमीच्या चढाला अचानक दम लागला, तर कितीही वर्षांचा सराव असो, त्या दिवशी घरी जाऊ नका, डॉक्टरकडे जा.