अंगातली कसर

बजाजनगरातल्या माझ्या दवाखान्यात "मला नैराश्य आलंय" असं म्हणत सहसा कुणी येत नाही. वाळूज एमआयडीसीतली रात्रपाळी उरकून, डबा हातात तसाच घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, "सर, अंगात कसर असल्यावानी वाटतंय. जेवण जात नाही. कुणाशी बोलू वाटत नाही." थर्मामीटर लावला तर ताप नसतो. बऱ्याचदा आधी कुणीतरी "काही नाही, मनाचे खेळ आहेत" म्हणून त्याला परत पाठवलेलं असतं. या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

कारण त्याचं 'कसर' म्हणणं शास्त्राच्या फार जवळचं आहे. फ्लू झाला की चव जाते, माणसं नकोशी होतात. हे सगळं जंतू करत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतं, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. ही शरीराची बचावाची रीत आहे, असं बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने 1988 मध्ये मांडलं. गावाकडे गुरं सांभाळलेल्या माझ्या पेशंटांना हे लगेच पटतं. दुखणाईत बैल कडब्याला तोंड लावत नाही, एकटा उभा राहतो.

माणसातला पुरावा मिळाला तो उपचारांतूनच. 'हिपॅटायटिस सी'वर पूर्वी इंटरफेरॉन-आल्फाची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन हेही एक सायटोकाइनच. ती घेणाऱ्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना काही आठवड्यांत नैराश्याने गाठलं.

सायटोकाइनांमुळे शरीरात दाह वाढतो. मग हा दाह कमी केला तर नैराश्य हटेल? अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाने औषधांना दाद न देणाऱ्या 60 नैराश्यग्रस्तांवर सांधेवाताचं दाह कमी करणारं औषध इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. 2013 मध्ये निष्कर्ष आले. एकूण हिशेबात ते नुसत्या सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही. मात्र ज्यांच्या रक्तात सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर होतं, त्यांच्यात सुधारणेचा कल दिसला. म्हणजे दाह काहींच्या नैराश्यात असतो, सगळ्यांच्या नाही. चिंताविकाराबाबत तर पुरावा अजून विरळ आहे.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामावरून कळतं. 2004 मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची मापं 'लॅन्सेट'मध्ये छापली. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पोटातली चरबी सायटोकाइन सोडते. दिसायला सडपातळ कामगार, त्यात रात्रपाळीने तुटलेली झोप आणि तंबाखूने सुजलेल्या हिरड्या. दाहाला आणखी काय हवं?

तरीही कोविडपासून घरोघरी ठाऊक झालेली सीआरपीची तपासणी नैराश्याचं निदान करत नाही. तिच्यावर पैसे घालवू नका, मनाने ब्रुफेन घेऊ नका, चालू गोळ्या सोडू नका. अंगात कसर आहे, ताप नाही आणि दोन आठवडे कशातच मन लागत नाही, असं झालं तर डॉक्टरला तसंच्या तसं सांगा. रात्री कुणी भेटत नसेल तर सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.