कोयनेच्या पाण्यासोबत दोन रात्री

पुण्याहून चिपळूणला जाताना लागणारा कुंभार्ली घाट आम्ही लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत किती वेळा उतरलो, त्याची मोजदाद नाही. कधी लग्न, कधी अकीका, कधी आजारपण, कधी मय्यत. मागच्या सीटवर मुले, डिकीत पिशव्या आणि मनात एकच घाई, की अंधार पडायच्या आत पोचू या. घाटात थांबलोच असू, तर कुणाला उलटी झाली म्हणून.

यंदा धाकटाही शिकायला हॉस्टेलवर गेला. घर इतके शांत झाले की जेवताना बोलायला विषय सापडेना. म्हणून दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी, जुम्याची नमाज आटोपून, आम्ही दोघेच निघालो. दोन रात्री, दोन लॉज. एक कोयनेच्या डोंगरात, दुसरे वाशिष्ठीच्या काठावर. कुणा नातेवाइकाकडे उतरायचे नाही, हे आधीच ठरवले होते.

"चिपळूणात माहेर असताना लॉजवर?" अम्मी फोनवर म्हणाल्या. मग जरा थांबून, "बरं, दुपारी जेवायला तरी याल ना?"

साताऱ्यानंतर उंब्रजला महामार्ग सोडून उजवीकडे पाटणचा रस्ता धरला. पाटणच्या पुढे दोन्हीकडचे डोंगर जवळ येत जातात आणि नदी सोबत करते. कोयनानगरला पोचलो तेव्हा इशाची वेळ झाली होती. लॉज साधेच होते. पाच-सहा खोल्या, समोर पडवी, मागे झाडी. बाहेर जेवताना आपल्या घरांत पडणारा हलालचा प्रश्न पिठले-भाकरीने सोडवला. किब्ला विचारला, तर मालकांनी काळोखातल्या डोंगराकडे हात केला. "पश्चिम इकडे. आमचं पाणी जातं त्याच बाजूला."

त्या वाक्याचा अर्थ सकाळी उलगडला. फजरनंतर पडवीत चहा घेत बसलो असताना मालकांनी सांगितले की त्यांच्या आजोबांचे गाव शिवसागर जलाशयाखाली आहे. भाऊबंद दूरच्या जिल्ह्यांत वसवले गेले. हे घर तेवढे इथे राहिले. "गाव गेलं, पण पाण्यावर राग धरून कुठं जगता येतं?" असे म्हणून ते कप उचलून आत गेले.

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या स्वभावाने ती बंगालच्या उपसागराकडे जाणारी. पण धरणाने अडवलेले तिचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवले आहे. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते सुमारे ४७५ मीटर खाली कोसळते आणि जनित्रे फिरवते. तिथून ते कोळकेवाडीच्या धरणात साठते, पुन्हा वीज देते आणि शेवटी वाशिष्ठीत जाते. साऱ्या टप्प्यांची क्षमता मिळून सुमारे १,९६० मेगावॅट भरते. आपल्या घरातला दिवा कधी ना कधी या पाण्याने पेटलेला असतोच. एरवी उन्हाळ्यात आटली असती ती वाशिष्ठी बारमाही वाहते, तीही या पाण्यामुळेच.

नेहरू उद्यानातून धरणाची भिंत समोर दिसते. तिच्याकडे पाहताना अम्मींची एक जुनी आठवण निघाली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली. तो रमजानचा महिना होता आणि वेळ सेहरीची. अम्मी तेव्हा बारा वर्षांच्या. चिपळूणच्या घरात चूल पेटलेली होती, सगळे जागे होते. फळीवरची भांडी खाली आली तसे सारे अंगणात धावले आणि तिथेच पाणी पिऊन रोजा धरला. भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. नंतर तिला आधार देऊन मजबूत केले गेले.

मग घाट. या वेळी मुद्दाम तीनदा थांबलो. खाली कोकण धुक्यात होते आणि वर उन्हात वाळलेल्या गवताचा वास येत होता. घाट उतरलो की पोफळी. रस्त्यावरून फारसे काही दिसत नाही, पण पायाखालच्या डोंगरातून ते पाणी आपल्याबरोबर खाली येत आहे, हे कळल्यावर ओळखीचा रस्ताही नवा वाटतो.

अम्मींकडे जेवलो. भिंतीवर डोक्याच्याही वर एक पुसट रेघ आहे. रंग दिला तरी अम्मींनी तेवढी जागा सोडायला लावली. २२ जुलै २०२१ च्या पुराची ती रेघ. त्या दिवशी बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकले होते. पावसाचे, भरतीचे, धरणाचे, कोणत्या पाण्याचा किती वाटा, यावर चिपळूणात वाद झाले. अम्मींना शेजाऱ्यांनी माडीवर नेले म्हणून त्या वाचल्या. घराची मात्र दारे, वायरिंग, फरशी, सगळेच गेले. ते उभे करायला आम्ही हजसाठी सात वर्षे साठवलेले पैसे काढले. पाच लाख चाळीस हजार. काढताना दोघांनीही सही केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

संध्याकाळी अम्मींनी दिलेला घावण्यांचा डबा घेऊन खाडीकाठच्या लॉजवर आलो. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर पाटी होती, 'मगरी आहेत, पाण्यात उतरू नये.' मगरीबनंतर भरती लागली आणि समुद्राकडे चाललेले पाणी उलटे वर सरकू लागले. तेव्हा आमच्यापैकी जिचे ते माहेर, ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. शिवणाचे दोन हजार दर महिन्याला मी त्या खात्यात टाकते."

"माहीत आहे. पासबुक मीच भरून आणतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुला वाटलं असतं, हिशेब मागतोय. आणि तू फेडायला काय ते कर्ज होतं? आपली दोन्ही मुलं झाल्यावर त्याच घरात चाळीस-चाळीस दिवस राहिलो की आपण."

"मला वाटायचं, तुमचा हज माझ्या माहेरानं खाल्ला."

यावर पटकन उत्तर सुचले नाही. कारण कधीतरी, एखाद्या वाईट रात्री, तसे मनात येऊन गेले होते. तेही सांगून टाकले. ती बराच वेळ गप्प बसली. मग डबा उघडला आणि आम्ही थंड घावणे नुसतेच खाल्ले.

रविवारी गुहागरच्या रस्त्याने धोपाव्याला गेलो. तिथून फेरीबोटीत गाडी चढवली की खाडीपलीकडे दाभोळ. कोयनेचे पाणी इथे अरबी समुद्राला मिळते. बहामनी काळात हे मोठे बंदर होते. १४५३ मध्ये इराणच्या गीलान प्रांतातून व्यापारी म्हणून इथे उतरलेला महमूद गवान पुढे त्या राज्याचा वजीर झाला. धक्क्याजवळ विजापुरी धाटणीची जुनी शाही मशीद आहे, चार मिनार आणि मध्ये घुमट. दंतकथा अशी की विजापूरची एक शहजादी मक्केला जायला इथवर आली, पण पुढचा प्रवास घडला नाही. तेव्हा वाटखर्चाच्या पैशांतून तिने ही मशीद बांधली. ऐकलेली गोष्ट होती, पण मशिदीच्या आवारात बसून एकमेकांकडे पाहिले तेव्हा दोघांनाही हसू आले आणि डोळेही भरले.

जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. शनिवार-रविवारी खोली आधी सांगून ठेवा. घाट उजेडीच उतरा, आणि फेरीबोटीच्या वेळा विचारून घ्या. चटई व पाण्याची बाटली जवळ असली की नमाजची अडचण येत नाही. मुले मोठी झाली असतील तर त्यांना न घेता जा.

घरी आल्यावर त्या खात्यात आता दोघेही पैसे टाकतो. हजचा अर्ज पुढच्या खेपेला भरू, इन्शाअल्लाह. अम्मींचा फोन आला होता. त्यांनी विचारले, "लॉजवरची गादी तरी बरी होती का?"