आधी दोन फेरे हाताने

जुनी मोटार घ्यायला निघालो की आपण रंग बघतो, टायर बघतो, सीटची कव्हरे बघतो. ज्या रबरी पट्ट्यावर तिचा सारा कारभार चालतो तो मात्र झाकणामागे असतो, आणि तुटेपर्यंत तो आहे हेही पुष्कळांना ठाऊक नसते. कारागीर त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. या पट्ट्याने आमच्या घराला दोन महिने छळले आणि एका रविवारी पुष्कळ काही शिकवले. ज्यांच्या घरी पहिलीच जुनी गाडी आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

पट्ट्याचे काम समजायला अवघड नाही. इंजिनात खाली एक दांडा असतो, तो पिस्टन वरखाली होताना फिरतो. तो क्रँक. वर दुसरा दांडा असतो, तो व्हॉल्व उघडतो. तो कॅम. पेट्रोल आत घ्यायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा, या चार कामांत खालचा दांडा दोन फेरे घेतो आणि वरचा एकच. म्हणून वरच्या चाकाला खालच्यापेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. दोघांना एकमेकांशी बांधून ठेवतो तो हा दातांचा पट्टा. तो एक दात जरी मागेपुढे बसला, तरी व्हॉल्व भलत्या वेळी उघडतात आणि भलत्या वेळी मिटतात.

आमच्या राहात्याकडे इंजिने उघडणारे हात काही कमी नाहीत. लोणीचा प्रवरा साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, पुढे आमच्या तालुक्यात गणेश कारखाना झाला. उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्त करता करता कितीतरी पोरे कारागीर झाली. पण ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम बहुधा लोखंडी गिअर करतात. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत साखळी होती. रबरी पट्टा मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत पहिल्यांदा आला तो जर्मनीत, १९६२ साली, ग्लास १००४ या गाडीत. साखळीपेक्षा तो स्वस्त, आवाज न करणारा आणि तेल न मागणारा. आपल्याकडे तो घरोघरी पोचवला मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे ते इंजिन पट्ट्यावर चालणारे. जानेवारी २०१४ मध्ये ही गाडी बनायची थांबली, पण खेड्यापाड्यांत तिची जुनी लेकरे अजून दिसतात.

आमच्याकडेही तीच होती, १९९७ सालची, कार्बोरेटरची. आईला दर आठवड्याला लोणीला दवाखान्यात न्यावे लागे आणि एस.टी.ची पायरी चढणे तिला जमेनासे झाले होते. थोरले बंधू सेंट्रिंगच्या कामावर जात. त्यांनी भिशीचे पैसे घालून २००९ साली ती गाडी घेतली. पट्टा जुना झाला म्हणून एका गॅरेजात नवा टाकून घेतला, आणि तिथून दुखणे सुरू झाले. गाडी चालू व्हायला वेळ घेई, चढावर दम खाई, पेट्रोल दुप्पट पिई. दोन वेळा आई वाटेतच उन्हात बसून राहिली. गॅरेजात परत नेली तर कधी कार्बोरेटर साफ केला, कधी डिस्ट्रिब्युटर फिरवून बघितला. शेवटी उत्तर मिळाले, "इंजिन खोलावं लागंल, बारा हजार धरून चला." बारा हजार म्हणजे बंधूंची तीन महिन्यांची मजुरी. गाडी विकायची की आईचे जाणे थांबवायचे, असा प्रश्न घरात उभा राहिला.

आमच्या वस्तीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक कारागीर राहत. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी पंधरा मिनिटे गाडी ऐकली आणि एवढेच विचारले, "पट्टा बदलायच्या आधी बरी चालत व्हती ना? मग आधी पट्टाच बघायचा. इंजिन का खोलायचं?"

"मामा, तुम्ही पट्टा कधी बसवलाय का?" बंधूंनी विचारले.

"न्हाई. आमच्या बसला गिअर असायचं. पण गिअरला खूण असते तशी पट्ट्याच्या चाकाला बी असणार. खूण ती खूणच."

आमची पुतणी तेव्हा आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला होती. तिने पुस्तक आणले. शेजारचे म्हणाले, घरी हात लावाल तर गाडी भंगारात जाईल, आणि पोरीच्या हातात पाना कशाला देता? वहिनी म्हणाल्या, "तिच्या फीचे पैसे भरलेत ते पाना धरायलाच."

रविवारी अंगणात काम झाले. इंजिन पूर्ण गार होऊ दिले. बॅटरीची तार काढली, गाडी न्यूट्रलला ठेवून चाकांना दगड लावले. पुढची बाजू उचलली ती नुसत्या जॅकवर ठेवली नाही, खाली घोडी दिली. प्लग काढले, कारण प्लग काढले की इंजिन हाताने हलके फिरते. डायनामोचा पट्टा आणि बाहेरची पुली काढून झाकण उघडले. मग क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून मामांनी इंजिन हळूहळू फिरवले, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच. वरच्या चाकावर एक खूण आणि तिच्यासमोर आतल्या झाकणावर एक. खालच्या चाकावर एक खूण आणि तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर एक. पुतणीने कोरड्या फडक्याने चारही खुणा पुसल्या. रॉकेल वापरू दिले नाही, कारण तेल आणि रॉकेल पट्ट्याला खातात.

खालची जोडी जुळली तेव्हा वरची जुळली नव्हती. मामा म्हणाले, "आणखी एक फेरा." हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खालची खूण दर फेऱ्याला समोर येते, वरची एक फेरा सोडून येते. नुसती खालची बघून समाधान मानणारा फसतो. दुसऱ्या फेऱ्यालाही वरची खूण समोर आली नाही. पुतणी टॉर्च धरून म्हणाली, "आजोबा, एक दात मागं आहे."

एक दात म्हणजे किती? समजा खालच्या चाकाला २० दात आहेत. पूर्ण फेरा ३६० अंशांचा, म्हणजे एका दाताला १८ अंश. एवढ्या फरकाने इंजिनाचा श्वास बिघडतो. आणि डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो, त्यामुळे ठिणगीची वेळही चुकते. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी सावरता येते, व्हॉल्व सावरत नाहीत. दोन महिने दुखणे झाकले गेले ते असे.

ताण देणाऱ्या चाकाचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवला. दोन्ही चाके खुणांवर आणली आणि पट्टा पुन्हा चढवला. ताणाच्या चाकाच्या विरुद्ध बाजूचा पट्टा आधी तंग करून घेतला. ढिलाई सारी ताणाच्या बाजूलाच राहिली पाहिजे. ती दुसरीकडे राहिली तर ताण देताना चाक सरकते आणि पुन्हा एक दात चुकतो. मग स्प्रिंगला आपला ताण घेऊ दिला.

बंधू किल्ली घेऊन उभे होते. मामांनी हात वर केला. "आधी दोन फेरे हाताने. किल्ली नंतर." कुठे अडले तर जोर करायचा नाही, थांबून बघायचे, हेही बजावले. पुष्कळ इंजिनांत, आणि डिझेलच्या तर खासच, वेळ चुकली की पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो आणि व्हॉल्व वाकतो. हात हा अडथळा ओळखून थांबतो. स्टार्टर थांबत नाही. दोन पूर्ण फेरे झाले, वरच्या आणि खालच्या दोन्ही जोड्या समोरासमोर आल्या, मग ताणाचा बोल्ट आवळला आणि पुन्हा एकदा बघून झाकण लावले. ठिणगीची वेळ मात्र दुसऱ्या दिवशी टायमिंग लाइट असलेल्या कारागिराकडून लावून घेतली. खर्च झाला तो एवढाच. आईचे लोणीला जाणे एकही आठवडा चुकले नाही.

वाचकहो, प्रत्येकाने घरी पट्टा बसवावा असा आमचा आग्रह नाही. गाडीगाडीच्या खुणा वेगळ्या, त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणेच बघाव्यात, आणि जाणता माणूस शेजारी नसेल तर हात लावू नये. पण बघण्याचा हक्क आपला आहे. पट्टा बदलताना शेजारी उभे राहा. "खुणा दाखवा, दोन फेरे हाताने फिरवून दाखवा," असे नम्रपणे म्हणा. चांगला कारागीर रागावत नाही, आनंदाने दाखवतो. जुना पट्टा मागून घ्या. त्याला चिरा आहेत का, दात झिजलेत का, तेल लागले आहे का, ते बघा. तेल लागले असेल तर गळती आधी बंद करा, नाहीतर नवाही टिकणार नाही. आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढचा पट्टा तुटायच्या आधी बदलला जाईल.

घरात मुलगी असली तर तिला टॉर्च धरायला बोलवा. थोड्या वेळाने टॉर्च तुम्ही धरा आणि पाना तिच्या हाती द्या.