चांगला शेरा

आमच्या गावच्या शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी अंगण सारवले जाई, भिंतींवर तक्ते चढत, आणि एरवी कपाटात कुलूपबंद असणारा पृथ्वीचा गोल गुरुजींच्या टेबलावर येऊन बसे. मी सातवीत असताना या तयारीतले एक काम माझ्याही वाट्याला आले. शेवटच्या ओळीत बसणाऱ्या एका मुलाच्या घरी जाऊन ‘उद्या शाळेत आला नाहीस तरी चालेल’ असा निरोप द्यायचा होता. त्याला वाचताना जोडाक्षरे लागत नसत. निरोप ऐकून तो खूश झाला. त्याच्या आईने मात्र ‘का रे?’ असे विचारले, आणि मी उत्तर न देताच परत फिरलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला धडा वाचायला लावला. तो आम्हाला पाठच होता. शेरेबुकात ‘वाचन उत्तम’ असा शेरा पडला. गुरुजी वाईट नव्हते. पाटीवर हात धरून अक्षरे गिरवून घेणारे, जीव लावणारे शिक्षक होते. पण त्या एका दिवशी त्यांना त्या मुलाची अडचण झाली, एवढे खरे.

पुढे मी इंग्रजी साहित्याचा अध्यापक झालो आणि मॅथ्यू आर्नल्ड शिकवू लागलो. कवी आणि समीक्षक म्हणून आपण त्याला ओळखतो. तो १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे सरकारी शाळा-तपासनीस होता, हे वर्गात सहसा ओझरतेच सांगितले जाते. १८६२च्या नव्या नियमांनी इंग्लंडमधील शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन व गणित यांत तपासनिसासमोर होणाऱ्या परीक्षेशी जोडले. आर्नल्डने या पद्धतीला नोकरीत राहून विरोध केला. वाचता, लिहिता, हिशेब करता येत नसतानाही मुलांना या परीक्षेतून पार करता येते, असे त्याचे निरीक्षण होते. ते वाचले तेव्हा मला आमचा पाठ केलेला धडा आठवला, आणि त्याचबरोबर ‘का रे?’ हा प्रश्नही.

याच विषयाचा मागोवा घेताना समरहिलची हकीकत माझ्या वाचनात आली. ए. एस. नील यांनी १९२१ साली जर्मनीत सुरू केलेली ही खासगी शाळा १९२७पासून इंग्लंडमधील सफोक परगण्यात लेस्टन येथे आहे. तेथे तासाला बसण्याची सक्ती नाही. शाळेचे नियम सभेत ठरतात, आणि त्या सभेत लहान मुलाचे मत व शिक्षकाचे मत सारख्याच मोलाचे असते. १९४९ साली सरकारी निरीक्षक तेथे आले. त्यांचा अहवाल उदार होता, पण भाबडा नव्हता. लहान मुलांच्या अध्यापनातील उणिवा त्यांनी स्पष्टपणे नोंदवल्या, अभ्यासातील फलित फारसे प्रभावी नाही असेही लिहिले. आणि तरीही मुलांचा उत्साह, त्यांचे मोकळे वागणे यांची मनापासून दाद देऊन, शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा हा प्रयोग आहे, असा अभिप्राय दिला.

पन्नास वर्षांनी, १९९९मध्ये, ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेचे निरीक्षक तेथे गेले. तासाला न बसण्याच्या मुभेत त्यांना स्वातंत्र्यापेक्षा आळस अधिक दिसला. शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांच्या खात्याने शाळेला नोटीस बजावली. ती पाळायची तर शाळेने आपले मूळ तत्त्वच सोडायला हवे होते. शाळा लवादापुढे गेली. मार्च २०००मध्ये लंडनच्या न्यायालयात सुनावणी सुरू असतानाच सरकारने तडजोड देऊ केली. ती स्वीकारावी की नाही, हे ठरवायला मुलांनी त्या न्यायदालनातच आपली सभा भरवली आणि मतदान करून होकार दिला. यापुढच्या तपासण्यांत शाळेचे तत्त्वज्ञान आणि मुलांचे म्हणणे विचारात घ्यावे, हे त्या तडजोडीने मान्य झाले. त्यानंतरचे २००७ आणि २०११ या वर्षांचे अहवाल शाळेला अनुकूल ठरले. तासाला बसण्याची सक्ती तेव्हाही नव्हती.

या हकीकतीचा सोपा अर्थ असा लावता येईल की, शाळा चांगली आणि सरकार वाईट. मला तो पुरेसा वाटत नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याची विचारपूस बाहेरच्या कोणीतरी करायलाच हवी. आमच्या शाळेत ती झाली असती, तर तो मुलगा कदाचित वाचू लागला असता. तपासणी नको असे म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा घरी पाठवण्यासारखेच आहे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १९४९च्या निरीक्षकांनी उणिवा पाहिल्या, त्या लिहिल्या, आणि तरीही त्यांचा अभिप्राय चांगला राहिला. जो शेरा मिळवण्यासाठी कोणाला लपवावे लागत नाही, तोच चांगला शेरा, असे मी आता समजतो.

हे समजायला मला उशीर झाला. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार होती. समितीशी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. साहित्याच्या वर्गातील माझा सर्वांत चांगला वाचक असलेल्या मुलाचे नाव मी त्या यादीतून वगळले. ग्रंथालय दुपारी तीनलाच बंद होते, नवी पुस्तके नोंदणीविना महिनोन्‌महिने गठ्ठ्यांतच पडून असतात, हे तो बोलून दाखवेल, अशी मला भीती होती. तो बोलला असता ते खरेच होते. नाव वगळायला मला कोणीही सांगितले नव्हते. श्रेणी उत्तम मिळाली, पेढे वाटले गेले. त्याने पेढा घेतला आणि विचारले, ‘सर, मला का नाही बोलावलंत?’ मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलला.

दोन्ही वेळा प्रश्न एकच होता. पहिल्या वेळी मी मुलगा होतो आणि निरोप दुसऱ्याचा होता, एवढाच काय तो फरक. आणि तो माझ्या बाजूने जाणारा नाही.

त्या श्रेणीची मुदत आता संपत आली आहे. विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम पुन्हा माझ्याकडेच सोपवले गेले आहे. ग्रंथालय अजूनही तीनलाच बंद होते. गेल्या आठवड्यात, तीन वाजल्यानंतर, कुलूप लावलेल्या त्या दाराशी एक मुलगी मला भेटली. ती बरीच चिडलेली होती. मी तिला तिचे नाव विचारले आणि यादीत पहिले तेच लिहिले. प्राचार्यांना यादी अजून दाखवलेली नाही.